खोली

एऊक गावचं तळं गोठलं त्या जानेवारीत
वडिलांनी टीव्ही आणला. मोठा, त्रिमितीवाला.
सोबत चार चष्मे, अंड्याच्या टरफलाइतके हलके.
माहितीचा कागद कुणी वाचला नाही.
मी वाचला. सतरा वर्षांचा होतो,
मला काहीतरी वाचायचंच होतं.

लिहिलं होतं: पडद्यावरची एक ओळ डाव्या डोळ्याची,
दुसरी उजव्याची, परत डाव्याची, थेट तळापर्यंत.
चष्म्याच्या काचा म्हणजे गाळण्या.
एक काच डावीकडे वळत येणारा प्रकाश आत घेते,
दुसरी उजवीकडे वळत येणारा.
दोन चित्रांत फरक असतो इवलासा,
दोन डोळ्यांत असतं तेवढंच अंतर.
त्या फरकाचीच खोली होते.

पहिल्या रात्री मासे आले, कॉफीच्या कपांवरून पोहत.
आईने हात पुढे केला,
मग मागे घेतला, आणि कुणी पाहिलं का ते पाहिलं.
आठवड्याभरात मासे संपले.
त्रिमितीत दुसरं काही लागतच नव्हतं.
आणि शनिवारी स्कीच्या उड्या आणि तुर्की मालिका
पूर्वीसारख्याच एका वेळी.
रिमोट एक.
वडील लुत्स्यान, आई बोझेना,
सोफ्याच्या दोन टोकांना, मधे मांजराची गादी.
मांजर जाऊन दोन वर्षं झाली होती.

तेव्हा मी दोन चष्मे खोलले.
एकाला दोन्ही डाव्या काचा, दुसऱ्याला दोन्ही उजव्या.
काच पालथी घालून भागत नाही,
पाठ फिरवली की ती गाळायचं विसरते.
तिला डोक्यावर उभी करायची,
कडा कानशीने घासायच्या,
आईचं नेलपॉलिश लावून चिकटवायचं.
आईच्या चष्म्याला लाल पट्टी, वडिलांच्याला निळी.
मग संगणकावर दोन वाहिन्या शेजारी शेजारी चेपल्या
आणि टीव्हीला सांगितलं, हे डावं, हे उजवं.
बिचाऱ्याने विश्वास ठेवला.

आवाज मात्र एकाचाच. तो आईला दिला.
वडील म्हणाले, बर्फाला कुठे आवाज असतो.

मी मागे, जेवणाच्या टेबलाशी, बिनचष्म्याचा.
मला दोन्ही दिसायचं, एकात एक.
रडणाऱ्या बाईच्या कपाळातून एक माणूस निघायचा,
हात अंगाला चिकटलेले, पायांतल्या पट्ट्या फाकलेल्या,
आणि सावकाश, इस्तंबूलच्या व्हायोलिनवर तरंगत,
तिच्या हनुवटीपाशी उतरायचा.
तिला पत्ता नाही. त्यालाही.
सोफ्यावर दोन डोकी, एकमेकांपासून
डोळ्यांपेक्षा पुष्कळ लांब.

मार्चमधली गोष्ट. बीटाचं सूप ढवळत
वडील म्हणाले, पत्र तिने उशीच्या अभ्र्यात घातलंय.
नवरा रोज त्यावरच झोपतो, गाढव.
आई म्हणाली, उतरताना त्या पोराने
गुडघा वाकवला नाही धड. गुण जाणारच.
कुणी मान वर केली नाही.
पावाची टोपली इकडून तिकडे सरकली, एवढंच.

रात्री मी चष्मे हुंगून पाहिले.
लाल पट्टीवाल्याला दाढीच्या साबणाचा वास.
निळ्यावाल्याच्या नाकपट्टीला आईची पावडर.
कधीपासून, ते विचारलं नाही.
पुढच्या शनिवारी नेहमीसारखं वाहिन्या जुळवल्या
आणि पाठ करून बसलो, गणितं घेऊन.

तसले टीव्ही आता कुणी बनवत नाही.
न खोललेला एक चष्मा माझ्या खणात आहे,
एक काच डावी, एक उजवी, जशी कारखान्यातून आली तशी.
कधी तो घालून खिडकीशी उभा राहतो.
तळं जरासं काळपट दिसतं.
बाकी आहे तेवढंच लांब.